नळीवर बेल्जियम, डोकं युटाचं: जॉन ब्राउनिंग नावाचा इंजिनिअर

नवीन फोन आला की बॉक्स उघडायच्या आधी तो उलटा करून मागचं बारीक अक्षरातलं लेबल वाचायची सवय तुम्हालाही असेलच. डिझाइन एका देशात, जोडणी दुसऱ्या देशात, चिप तिसऱ्याच देशातली. मग ग्रुपवर वाद पेटतो की अमक्या देशातला पीस भारी आणि तमक्या देशातला हलका. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे घरच्यांचं फुकटातलं कस्टमर केअर मीच. हे सगळे प्रश्न शेवटी माझ्याकडे येतात.

गेल्या वर्षी मात्र प्रश्न फोनचा नव्हता. माझा मामेभाऊ अमेरिकेत युटा राज्यात असतो, आता तिथलाच नागरिक झालाय. सुट्टीच्या दिवशी क्लबवर जाऊन हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायचा छंद त्याला लागलाय. दादाला एक जुनी शॉटगन घ्यायची होती, ब्राउनिंगची ऑटो-५. दुकानात दोन होत्या. मॉडेल तेच, पण एकीच्या नळीवर बेल्जियम कोरलेलं आणि दुसरीच्या नळीवर जपान. बेल्जियमवाली बरीच महाग. दोन्हींचे फोटो टाकून त्यानं विचारलं की नुसत्या एका देशाच्या नावाचे एवढे जास्तीचे पैसे मोजावेत का.

माझा बंदुकीचा अनुभव म्हणजे एनसीसीच्या कॅम्पात झाडलेल्या पाच गोळ्या. त्यातल्या किती लागल्या ते विचारू नका. पण एखादी वस्तू कुठे बनली आणि त्यानं काय फरक पडतो हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच आहे, म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता त्या बंदुकीमागच्या माणसात असा अडकलो की दादाला उत्तर द्यायला आठवडा लागला.

बावीस भावंडांतला एक

जॉन मोझेस ब्राउनिंगचा जन्म जानेवारी १८५५ मध्ये युटातल्या ऑग्डेन गावी झाला. वडील जोनाथन बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. ते मॉर्मन पंथाचे होते आणि पंथाच्या लोकांबरोबर पूर्वेकडून स्थलांतर करत युटात येऊन स्थिरावले होते. त्यांना तीन बायका आणि बावीस मुलं. घराचं बजेट कसं चालत असेल ते तुम्हीच ठरवा. वडिलांच्या दुकानातला भंगाराचा ढीग हीच जॉनची शाळा. साधारण दहा वर्षांचा असताना त्यानं त्याच ढिगातल्या तुकड्यांमधून एक चालणारी बंदूक जोडली होती.

१८७९ हे वर्ष त्याच्यासाठी फार गडबडीचं गेलं. त्याच वर्षी लग्न झालं, वडील वारले आणि पहिलं पेटंटही मिळालं. पेटंट होतं एका वेळी एकच गोळी भरायच्या रायफलचं. भावांनी मिळून ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना काढला आणि या रायफली हातानं घडवायला सुरुवात केली. जेमतेम काहीशे बनल्या.

आता इथे गंमत बघा. १८८३ मध्ये त्यातली एक वापरलेली रायफल विंचेस्टर कंपनीच्या एका फिरत्या विक्रेत्याच्या हाती लागली. विंचेस्टर म्हणजे तेव्हाचा सगळ्यात मोठा ब्रँड, अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, कनेक्टिकटमध्ये. विक्रेत्यानं ती मुख्यालयात पाठवली. ती बघून कंपनीचे उपाध्यक्ष टी. जी. बेनेट स्वतः रेल्वेनं ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलर देऊन हक्क विकत घेऊन गेले. हेच पुढे विंचेस्टरचं मॉडेल १८८५ झालं.

पुढची एकोणीस-वीस वर्षं हाच व्यवहार चालला. ब्राउनिंग डिझाइन करायचा, विंचेस्टर एकरकमी पैसे देऊन घ्यायची. कंपनीनं त्याची चाळीसपेक्षा जास्त डिझाइन्स घेतली आणि त्यातली जेमतेम दहा बाजारात आणली. बाकीची फक्त स्पर्धकांच्या हाती लागू नयेत म्हणून कपाटात. वेस्टर्न सिनेमात काउबॉयच्या हातात जी खटक्याची रायफल दिसते, ती मॉडेल १८९४, याच काळातली. आणि या माणसानं त्यातच मधली दोन वर्षं सगळं बाजूला ठेवून पंथाचा प्रचारक म्हणून जॉर्जिया राज्यात पायी फिरण्यात घालवली होती!

१८८९ मध्ये बंदूक झाडताना त्याच्या लक्षात आलं की नळीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूच्या झोतानं समोरचं गवत वाकतंय. म्हणजे एवढी ऊर्जा फुकट चालली आहे. मग त्या वायूकडूनच पुढची गोळी भरण्याचं काम का करून घेऊ नये? फोनची भाषा वापरायची तर तोपर्यंत बंदूक मॅन्युअल मोडवर होती, आता ती ऑटोवर जाणार होती. पिस्तूल, मशिनगन, शॉटगन असं सगळं त्यानं पुढच्या दहा वर्षांत या कल्पनेच्या आसपास नव्यानं मांडून काढलं.

१९०२: करार फिसकटला आणि देश बदलला

दादाची ऑटो-५ या टप्प्यावर जन्माला आली. ही स्वयंचलित शॉटगन. यात नळी आणि तिच्यामागचा बोल्ट धक्क्यानं एकत्र मागे सरकतात. मग नळी आधी पुढे जाते, बोल्ट मागे थांबतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि नवीन आत येतं. हलकी आणि जड काडतुसं आलटून पालटून चालावीत म्हणून आत घर्षणाची एक कडी आहे. तिची जागा बदलली की सेटिंग बदलतं.

हे डिझाइन आपलं सगळ्यात मोठं काम आहे याची ब्राउनिंगला खात्री होती. म्हणून या वेळी त्यानं विंचेस्टरकडे एकरकमी पैसे न मागता प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी मागितली. बेनेट यांनी नकार दिला. ब्राउनिंग तडक रेमिंग्टनकडे गेला. जानेवारी १९०२ मध्ये तो रेमिंग्टनच्या प्रमुखांना, मार्सेलस हार्टली यांना भेटायला थांबला होता आणि त्याच दिवशी हार्टली हृदयविकारानं वारले. मग त्यानं आपली बंदूक बरोबर घेतली आणि बोटीनं बेल्जियम गाठलं.

बेल्जियमच का? तर लिएज शहराला लागून असलेल्या हेर्स्ताल गावात फाब्रिक नास्योनाल, म्हणजे एफएन, हा कारखाना होता. बेल्जियमच्या सैन्यासाठी माउझर या जर्मन रायफली बनवायला १८८९ मध्ये तो उभा राहिला. (बेल्जियमचा कारखाना, जर्मन डिझाइन. सुरुवातच अशी!) काम कमी पडायला लागल्यावर एफएननं सायकलीसुद्धा बनवल्या. १८९७ मध्ये त्यांचा माणूस अमेरिकेत सायकलीचं तंत्र बघायला आला होता. तिथे त्याची ब्राउनिंगशी गाठ पडली आणि परत जाताना तो पिस्तुलाचं डिझाइन घेऊन गेला. ते पिस्तूल तुफान चाललं. त्यामुळे १९०२ मध्ये एफएननं शॉटगनलाही लगेच हो म्हटलं, रॉयल्टीसकट. पहिल्याच फटक्यात ब्राउनिंगनं अमेरिकेत विकण्यासाठी स्वतः १०,००० बंदुकांची ऑर्डर दिली.

म्हणजे आज दुकानदार ज्या बेल्जियम या शब्दाचे जास्त पैसे मागतो, तो शब्द नळीवर आला कशामुळे? एका अमेरिकन साहेबाला रॉयल्टी द्यायची नव्हती आणि दुसरा नेमका त्याच दिवशी वारला म्हणून. बेल्जियमचं पोलाद, तिथली हवा, कारागिरांचं रक्त वगैरे गोष्टी नंतर चिकटल्या. लिएजचे कारागीर खरंच उत्तम होते, हे मी नाकारत नाही. तिथे बंदुका बनवायची परंपरा कित्येक शतकांची आहे. पण ब्राउनिंग तिथे आला तो धंद्याच्या कारणानं.

पुढचा किस्सा तर अगदी आजचा वाटेल. १९०४ मध्ये अमेरिकेत आयात शुल्काची अडचण उभी राहिली आणि बेल्जियमहून बंदुका आणणं परवडेना. मग एफएनच्या संमतीनं तेच डिझाइन रेमिंग्टनला लायसन्सवर दिलं गेलं. १९०५ पासून तीच बंदूक अमेरिकेत बनू लागली, पुढे ती मॉडेल ११ म्हणून ओळखली गेली. तिच्यात फक्त एक फीचर कमी होतं: मॅगझिनमधली काडतुसं तात्पुरती अडवायचा खटका. आपल्याकडे फोनवरचं शुल्क बदललं की जोडणीचे कारखाने इकडचे तिकडे होतात, तसलाच प्रकार, सव्वाशे वर्षांपूर्वी.

आणि विंचेस्टरचं काय झालं? त्यांनाही आता स्वयंचलित शॉटगन हवी होती, पण ब्राउनिंगची पेटंटं आडवी. ती पेटंटं इतकी घट्ट लिहिली जाण्याला विंचेस्टरच्याच माणसांनी पूर्वी हातभार लावला होता! बोल्ट मागे ओढायचा दांडा ब्राउनिंगच्या पेटंटमध्ये, म्हणून विंचेस्टरनं मॉडेल १९११ मध्ये तो ठेवलाच नाही, नळी हातानं मागे ढकलायची सोय केली. तेव्हाची कागदी काडतुसं ओलाव्यानं फुगून अडकायची. मग लोक बंदूक जमिनीवर उभी धरून, तोंड वर करून, नळी जोरानं खाली दाबायचे. काही जणांचे त्यात जीव गेले. पक्की अमेरिकन बनावट, सगळ्यात विश्वासाचं नाव, आणि वस्तू धोकादायक. बनावटीचा देश बघून विकत घेणाऱ्यांनी ही एक बंदूक लक्षात ठेवावी असं मला वाटतं.

एकच पिस्तूल, दोन्ही बाजूंना

१९११ च्या मार्चमध्ये अमेरिकी सैन्यानं ब्राउनिंगचं कोल्टनं बनवलेलं .४५ पिस्तूल स्वीकारलं. त्याआधीच्या चाचणीत दोन दिवसांत ६,००० गोळ्या झाडल्या. पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. ते एकदाही अडलं नाही. आमच्याकडे लोड टेस्टिंगमध्ये सर्व्हर असा टिकला तर आम्ही पार्टी करतो.

पहिल्या महायुद्धात त्याच्या मशिनगन आणि स्वयंचलित रायफलचे हक्क अमेरिकी सरकारला हवे होते. रीतसर रॉयल्टी धरली असती तर रक्कम कोटींच्या घरात गेली असती. सरकारनं साडेसात लाख डॉलर देऊ केले, तो लगेच हो म्हणाला.

इथे थांबून एक गोष्ट बोललीच पाहिजे. हा माणूस स्वभावानं शांत, धार्मिक, कामात बुडालेला होता असं वर्णन मिळतं, आणि त्याच्या १२८ पेटंटांमधून निघालेल्या हत्यारांनी किती माणसं मेली याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. २८ जून १९१४ ला सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळ्या घातल्या गेल्या, ते पिस्तूल हेर्स्तालमध्ये बनलेलं, ब्राउनिंगचं १९१० चं मॉडेल. त्यातून युद्ध पेटलं आणि ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य चालून गेलं ते बेल्जियमवर, लिएजच्या किल्ल्यांवर. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एफएननं दहा लाखाव्या ब्राउनिंग पिस्तुलाचा सोहळा केला होता. मला त्याच्या डिझाइनचं कौतुक आहे आणि ते करताना थोडं अवघडायलाही होतं. दोन्ही खरं आहे.

त्याचं शेवटचं मोठं पिस्तूल फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून सुरू झालं. अडचण अशी की १९११ च्या पिस्तुलातल्या कल्पना त्यानं कोल्टला विकलेल्या, म्हणजे स्वतःच्याच डोक्यातून निघालेली रचना त्याला टाळून काम करावं लागलं. नोकरी बदललेल्या कुठल्याही सॉफ्टवेअर इंजिनिअरला हे दुखणं कळेल. जुन्या कंपनीसाठी लिहिलेला कोड डोक्यात असतो, पण वापरता येत नाही. त्याच्यानंतर एफएनच्या द्यूदोने सैव यांनी ते काम पुढे नेलं. दरम्यान कोल्टची पेटंटं संपली आणि १९३५ मध्ये हाय-पॉवर पिस्तूल पूर्ण झालं.

आता या पिस्तुलाचा देश कोणता सांगाल? १९४० मध्ये जर्मनीनं बेल्जियम घेतलं आणि कारखाना जर्मन सैन्यासाठी पिस्तुलं बनवू लागला. त्याच वेळी कॅनडात, टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीत, तेच पिस्तूल दोस्त राष्ट्रांसाठी आणि चीनसाठी बनत होतं. चीनच्या ऑर्डरवर चिनी अक्षरं कोरलेली. हिटलरच्या सैनिकाकडे आणि त्याच्याशी लढणाऱ्याकडे एकच डिझाइन! पुढे याच इंग्लिस नमुन्यावरून पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत आपलं ९ मिमी १ए पिस्तूल बनू लागलं. म्हणजे भारतीय अधिकाऱ्याच्या कमरेला जे असतं, त्याचा माग युटातल्या भंगाराच्या ढिगापर्यंत जातो.

हाय-पॉवर पूर्ण झालेलं बघायला ब्राउनिंग नव्हता. २६ नोव्हेंबर १९२६ ला हेर्स्तालच्या कारखान्यातच, काम करताना, त्याचं हृदय थांबलं. मुलगा व्हाल तिथेच होता. ज्या दुनळी शॉटगनवर तो काम करत होता, ती सुपरपोज्ड, पुढे व्हालनं पूर्ण केली. मृतदेह बोटीनं अमेरिकेत नेऊन ऑग्डेनमध्ये पुरला.

मग देश बघायचा की नाही?

सत्तरच्या दशकात बेल्जियममधली मजुरी परवडेनाशी झाली आणि ऑटो-५ चं उत्पादन जपानमध्ये कोची प्रांतातल्या मिरोकू कारखान्यात गेलं. ते नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत चाललं. याच काळातल्या काही ब्राउनिंग बंदुकांवर बेल्जियममध्ये बनलेली आणि पोर्तुगालमध्ये जोडलेली असंही कोरलेलं सापडतं. फोनच्या बॉक्सची आठवण आली ना? १९७७ मध्ये एफएननं ब्राउनिंग कंपनीच विकत घेतली. आज तो सगळा समूह बेल्जियममधल्या वालोनिया प्रांताच्या सरकारच्या मालकीचा आहे. आणि काउबॉयची ती मॉडेल १८९४, विंचेस्टर छाप? ती हल्ली जपानहून येते.

मी दादाला आधी हे सांगितलं की तू संग्राहक आहेस की नेमबाज, ते ठरव. संग्राहकासाठी देश महत्त्वाचा असतोच, आणि त्यात मूर्खपणा काही नाही. तो वस्तूबरोबर तिची गोष्ट विकत घेतो. जर्मन ताब्यातलं हाय-पॉवर आणि चिनी अक्षरांचं हाय-पॉवर सारखंच चालतं, तरी कपाटात त्यांची जागा वेगळी. आपल्याकडे तर युरोपातलं पातं आणि इथली मूठ असलेल्या तलवारीचं नावच फिरंग पडलं होतं. देश हीच तिची ओळख, आणि तेव्हाही नामांकित गावांच्या पात्यांवरचे छाप इतर कारागीर नक्कल करून मारत असत.

भारतातल्या वाचकांनी मात्र इथल्या किमतींवरून दर्जा ठरवू नये. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला बाहेरून बंदूक आणणं जवळजवळ बंद आहे. त्यामुळे जुनी विदेशी बंदूक महाग असते ती टंचाईमुळे. तिच्या आतल्या यंत्राची हालत त्या किमतीत दिसत नाही.

नेमबाजासाठी खरा प्रश्न असतो कोणत्या वर्षी आणि कशी बनली. देशाचं नाव फार तर त्याचा अंदाज देतं. उदाहरणार्थ, अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाच्या छऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे बरेच जण स्टीलचे छरे वापरतात. बेल्जियमच्या जुन्या नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, आणि त्यांत स्टीलचे छरे वापरू नका असं ब्राउनिंग कंपनी स्वतः सांगते. बदलता येणाऱ्या चोकच्या नंतरच्या जपानी नळ्यांना ते चालतात. इथे स्वस्त देश पुढे!

आणि मग मीठ. साठच्या दशकाच्या शेवटी मागणी एवढी वाढली की दस्त्यांसाठी अक्रोडाचं लाकूड सावकाश वाळवायला वेळ नव्हता. लवकर वाळावं म्हणून मिठाची प्रक्रिया केलेलं लाकूड वापरलं गेलं. मीठ हवेतला ओलावा ओढतं. काही वर्षांत लाकडाला टेकलेलं पोलाद आतून गंजायला लागलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच रायफली आणि सुपरपोज्ड यात सापडल्या, ऑटो-५ त्या मानानं कमी. सगळ्यांच्या नळीवर छान अक्षरात बेल्जियम. बाहेरून काहीच दिसत नाही. दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी काढून स्क्रू बघावे लागतात.

दुकानातली बेल्जियमवाली नेमकी त्याच वर्षांतली निघाली. पुढच्या शनिवारी दादानं दुकानदाराला विनंती करून पट्टी उघडायला लावली आणि मला फोटो पाठवला. दोन्ही स्क्रू विटकरी रंगाचे, लाकडाच्या भोकाभोवती काळपट डाग. दुकानदारानं किंमत कमी करायची तयारी दाखवली. दादानं जपानवाली घेतली. उरलेल्या पैशांत त्यानं काडतुसं घेतली आणि ऑग्डेनच्या जुन्या रेल्वे स्टेशनात ब्राउनिंगच्या बंदुकांचं संग्रहालय आहे, ते बघून आला. तिथून त्यानं चाळीस फोटो पाठवलेत, ते मी अजून बघतोय.